आईच्या एमआरआयमधल्या तीन गाठी : काय समजायचं?

अंगणवेल | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी पाककृतींच्या धाग्यांवर 'मस्त!' एवढंच लिहून पळणारी मी, आज पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही असा.

आई ५८ वर्षांची. गाव धाराशिव जिल्ह्यात, बार्शीपासून तासाभरावर. पाळी जाऊन आठ वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर लाल जायला लागलं. तिनं दोन महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी वहिनीनं धुण्यातून ओळखलं. बायोप्सीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला.

परवा पोट आणि ओटीपोटाचा एमआरआय झाला. रिपोर्टात मूळ गाठीबद्दल आहेच, पण खाली तीन लिम्फ नोड लिहिलेत: डाव्या ऑब्च्युरेटर भागात ११ मिमी, महाधमनीशेजारी ९ मिमी आणि उजव्या जांघेत १४ मिमी. 'मेटास्टॅसिसची (म्हणजे कॅन्सर पसरल्याची) शक्यता, इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे' असा शेरा. रिपोर्ट हातात देताना काउंटरवरचा माणूस सहज म्हणाला, "जांघेतबी गेलंय म्हंजे चौथी स्टेज." आई शेजारीच उभी होती.

डॉक्टरांनी आता पेट-सीटी सांगितलाय. दादा म्हणतो, एमआरआयसारखा एमआरआय झाला, परत दुसरं मशीन कशाला? मला एवढंच कळत नाहीये की जांघेतली गाठ सगळ्यांत मोठी, म्हणजे तिथे कॅन्सर सगळ्यांत जास्त, असंच का?

---

मोरपंखी | रात्री १०:५८

अगं! काळजी घे. त्या काउंटरवाल्याला चार शब्द सुनवायला हवे होते. रिपोर्ट समजावणं हे त्याचं काम नाही.

---

रोखठोक | रात्री ११:१०

कटू बोलतो, माफ करा. दादाचं बरोबर आहे. सोनोग्राफी, मग सीटी, मग एमआरआय, मग पेट. पेशंटची शेती विकेपर्यंत चित्रं काढत राहायची. गाठ आहे तर आहे. उपचार सुरू करा.

---

फिल्मबघ्या | मंगळवार, सकाळी ६:१५

मी मिरजेकडे रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे हे सल्ला म्हणून नव्हे, वाचन कसं चालतं ते कळावं म्हणून लिहितो.

लिम्फ नोड म्हणजे लसिकाग्रंथी. सगळ्यांच्या अंगात शेकड्यांनी असतात. शेंगदाण्यासारख्या लांबट, मध्ये खोबणीत थोडी चरबी. आपण शेंगदाणा उभा मोजत नाही, आडवा मोजतो. त्या आडव्या मापाला १० मिमीची रेघ बरेच जण धरतात, ओटीपोटात काही जण ८ धरतात. ही रेघ निसर्गानं आखलेली नाही, आम्ही सोयीसाठी आखलीय. ५ मिमीच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी बसलेल्या असू शकतात आणि १५ मिमीची गाठ नुसती सुजलेली असू शकते. म्हणून मापापेक्षा मी आधी आकार बघतो. गोल गरगरीत झालीय का, मधली चरबी दिसेनाशी झालीय का, कडा फाटक्या आहेत का, आत पोकळी पडलीय का. एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाचा चित्रांचा एक क्रम असतो, त्यात दाट पेशींच्या जागा उजळतात. पण नोड मुळातच दाट पेशींचा असल्यामुळे निरोगी नोडसुद्धा तिथे चमकतो, हे रिपोर्ट गुगल करणाऱ्यांना ठाऊक नसतं.

ऑब्च्युरेटरची जागा म्हणजे ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या अंगाची खोबण. तिथे शिरा, आतड्याची वेटोळी, कधी बीजकोष, सगळी दाटी. एका कापात सगळेच गोल ठिपके. माउसचं चाक खाली-वर फिरवायचं: नळी असेल तर पुढच्या कापात चालू राहते, गाठ असेल तर उगवते आणि दोन-तीन कापांत मावळते. अर्धा दिवस आमचं हेच चालतं.

आता स्टेज. २०१८ पर्यंत या कॅन्सरची स्टेज प्रामुख्यानं हातानं तपासून ठरायची, नोड त्यात धरतच नसत. गरीब देशांत सगळीकडे एमआरआय कुठून आणणार, हा विचार त्यामागे होता. २०१८ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेनं नियम बदलला. ओटीपोटातला नोड बाधित असेल तर ३-सी-१, महाधमनीशेजारचा असेल तर ३-सी-२. पुढे छोटा 'आर' लावला तर हे स्कॅनवरून म्हटलंय, 'पी' लावला तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून म्हटलंय. तो 'आर' कुणी वाचत नाही. वाचायला हवा.

आणि जांघेतला नोड या कॅन्सरमध्ये दूरच्या अवयवात धरतात, म्हणजे ४-बी. काउंटरवाल्यानं तेवढंच कुठेतरी ऐकलेलं दिसतंय. पण गर्भाशयाच्या मुखाचा निचरा जांघेत होत नाही. तो आत, ओटीपोटाच्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं वर महाधमनीकडे जातो. योनीच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत आजार उतरला असेल तर जांघेची वाट उघडते. रिपोर्टात तसं काही लिहिलंय का?

आणि एक विचारतो, आईंच्या उजव्या पायाला काही लागलंय का?

---

अंगणवेल | सकाळी ७:३०

योनीचा खालचा भाग मोकळा आहे असं लिहिलंय.

पायाचं आईला फोन करून विचारलं. म्हणाली, "लागलंय काय, बाभळीचा काटा मोडला होता टाचंत, महिना झाला. रुईचा चीक लावला, गुळाचा चटका दिला. आता दुखत न्हाई, ठसठसतंय जरा." वर म्हणे, जांघेत अवधाण आलंय ते काट्याचंच, ते तर आधीपासून माहीत आहे.

मग डॉक्टरला का नाही सांगितलं? "त्यांनी पायाचं विचारलंच न्हाई."

---

निवृत्त_डार्करूम | सकाळी ९:०५

अवधाण! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. पायाला जखम की जांघेत, हाताला गळू की काखेत. आमच्या आजीला कुठला नोड कुठल्या भागाचं पाणी गाळतो हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

मी चाळीस वर्षं एक्स-रे विभागात काढली. सीटी नव्हतं तेव्हा नोड बघायची एकच रीत होती, लिम्फॅन्जिओग्राफी. पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळा रंग टोचायचा. थोड्या वेळानं पावलावर केसाएवढ्या निळ्या रेषा उमटायच्या. त्या लसिकावाहिन्या. साहेब वरची कातडी चिरून त्यातली एक धाग्यावर उचलायचे आणि तिच्यात बारीक सुई. सुई घालताना खोलीत पंखा बंद. मग तेलकट औषध अगदी सावकाश आत सोडायचं, तासाच्या वर. भराभर सोडलं तर वाहिनी फुटायची, नाहीतर तेल फुप्फुसात जायचं. दुसऱ्या दिवशी परत फोटो, तेव्हा नोड तेल पिऊन पांढरे फटक दिसायचे आणि कॅन्सर असेल तिथे उंदरानं कुरतडल्यासारखा खड्डा.

बायकांचे पाय निळे, लघवी निळीहिरवी. एका माउलीनं विचारलं होतं, हा रंग जन्माचा राहणार का.

गंमत म्हणजे एवढं करून फिल्मबघ्या म्हणतात तो ऑब्च्युरेटरचा नोड भरवशानं दिसायचाच नाही. पायातून सोडलेलं तेल त्या गल्लीत नीट जात नाही.

---

पेटमास्तर | दुपारी १:२०

मी पेट-सीटीवर टेक्नॉलॉजिस्ट. दादांच्या प्रश्नाचं उत्तर: एमआरआय नोडची चण बघतो, पेट त्याची भूक बघतो. शिरेतून साखरेसारखं एक औषध देतात, एफडीजी. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. जिथे पेशी साखर जास्त ओढतात तिथे ते साचतं.

या औषधाचं अर्धं बळ ११० मिनिटांत जातं. त्यामुळे ते दुकानात साठवता येत नाही. सायक्लोट्रॉन नावाच्या, किरणोत्सारी द्रव्य बनवणाऱ्या यंत्रात पहाटे बनतं, शिशाच्या डब्यात गाडीनं येतं, घाटात ट्रॅफिक लागलं तर आमचे शेवटचे पेशंट बोंबलले. (अवांतर: भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण औषध केंद्रात सुरू झाला. आता बऱ्याच शहरांत आहेत.) म्हणून दिलेली वेळ पाळा हो. 'चहा तेवढा घेतला' म्हणणारे रोज एक-दोन भेटतात. चहात साखर असते, इन्सुलिन वर येतं, सगळं औषध स्नायू पिऊन टाकतात आणि चित्र वाया.

साधारण सहा तास पोट रिकामं, साधं पाणी भरपूर. आदल्या दिवशी धावपळ, जड कामं नकोत. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, त्यानं आतडी इतकी उजळतात की शेजारचा नोड दिसत नाही. गोळी मनानं बंद करू नका, विचारून करा. सुई दिल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत पांघरूण घेऊन निवांत पडायचं.

ओटीपोटाच्या पेशंटला मी एक गोष्ट दोनदा सांगतो: टेबलावर चढायच्या आधी लघवी करून या. औषध लघवीतून बाहेर पडतं, मूत्राशय दिव्यासारखं पेटलेलं असतं आणि मूत्रवाहिनीत अडकलेला एक थेंबसुद्धा नोडसारखा दिसतो. घरी गेल्यावर त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईजवळ बसायचं नाही.

---

फिल्मबघ्या | दुपारी ३:४०

पेटमास्तरांना एक पुरवणी. भूक फक्त कॅन्सरलाच लागते असं नाही. सूज आलेल्या पेशीही साखर खातात आणि आपल्याकडे टीबी तर हमखास. गेल्या पावसाळ्यात एका बाईंच्या पेटमध्ये छातीतल्या गाठी दिवाळीसारख्या उजळल्या होत्या. घरच्यांनी आशा सोडली. सुई घालून पाहिलं तर टीबी. दोन्ही उपचार मिळाले, बाई ठणठणीत फिरतायत.

उलट बाजूनं, ५ मिमीपेक्षा लहान साठा पेटला दिसतोच असं नाही. पेट 'काही नाही' म्हणाला तर त्याचा अर्थ 'मला दिसण्याएवढं काही नाही'.

---

सावली | रात्री ९:२०

हा आयडी मी याच प्रतिसादासाठी काढलाय. का ते कळेल.

अवधाण शब्दावर सगळे खूश झालात, म्हणून लिहितेय. मला योनीमुखाचा कॅन्सर होता. बाहेरच्या भागाचा. पाच वर्षं खाज, पाच वर्षं वेगवेगळी मलमं. कुणी नीट बघितलं नाही आणि मीही दाखवलं नाही. मग जांघेत सुपारीएवढं काहीतरी लागायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, अवधाण असेल. सहा महिने मी ते अवधाणच समजत होते. पायाला जखम नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

सोनोग्राफी करताना डॉक्टरबाईंनी प्रोब जांघेवर ठेवला आणि बोलता बोलता गप्प झाल्या. तिथल्या तिथे सुई घातली. दोन्ही जांघा उघडून नोड काढले. आज डावा पाय संध्याकाळपर्यंत उजव्याच्या दीडपट होतो. घट्ट मोजे पहाटे पाय खाली टाकायच्या आधी चढवावे लागतात. पाटावर बसून जेवणं संपलं. आधी आले असते तर एकच नोड काढून भागलं असतं, हे नंतर समजलं.

अंगणवेल, तुझ्या आईचं काट्याचंच असेल. पण सुई घालून घे.

---

टाका_घालणारी | रात्री ११:४५

सावली, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. स्त्रियांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते मी, आणि तुमच्यासारख्या कितीतरी जणी महिनोन्महिने मलमं लावून येतात.

त्या 'एकच नोड' बद्दल. सेंटिनेल नोड म्हणतात त्याला. मी पेशंटना वेशीवरची गाठ म्हणून सांगते. आजाराला गावात शिरायचं तर आधी वेशीतून जावं लागतं. गाठीभोवती किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग, किंवा आता आयसीजी नावाचा हिरवा रंग टोचतात. तो ज्या नोडमध्ये पहिल्यांदा पोचतो तोच काढून तपासायचा. योनीमुखाच्या कॅन्सरसाठी युरोपातल्या ग्रॉइन्स-व्ही अभ्यासानं २००८ मध्ये दाखवलं की ४ सेंमीपेक्षा लहान गाठ असेल आणि वेशीवरचा नोड स्वच्छ असेल, तर जांघेत आजार परत येण्याचं प्रमाण १०० मध्ये २-३ एवढंच. मात्र त्याआधी चित्रात जांघेत संशयास्पद काही दिसता कामा नये. गच्च भरलेल्या नोडमध्ये रंग शिरत नाही, तो वळसा घालून भलत्याच दारी जातो.

---

रोखठोक | बुधवार, सकाळी ८:००

वाचतोय. माझा पहिला प्रतिसाद जरा तोडून टाकणारा होता, कबूल. पण अडाण्याचा प्रश्न: चित्र चुकू शकतं, पेट चुकू शकतो, मग पोट उघडून सगळेच नोड काढून का टाकत नाही? भानगडच मिटली.

---

टाका_घालणारी | सकाळी ८:५०

अडाण्याचा नाही, आमच्या पिढीतल्या निम्म्या सर्जननी हाच विचार केला होता.

गर्भाशयाच्या अस्तराच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये सरसकट नोड काढून आयुष्य वाढत नाही, हे २००९ मध्ये ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टेक चाचणीत दिसलं. बीजकोषाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ६४७ बायकांवर 'लायन' चाचणी झाली. पोटातला आजार पूर्ण काढलेला आणि नोड दिसायला-लागायला ठीक, अशा बायका. निम्म्यांचे नोड काढले, निम्म्यांचे ठेवले. २०१९ मध्ये निकाल आला: आयुष्यात फरक नाही, काढलेल्यांत गुंतागुंत आणि मृत्यू जास्त. मी स्वतः तोवर ते तास-दीड तास खपून काढत होते. त्या वर्षी थांबले. अस्तराच्या कॅन्सरमध्ये आता हिरव्या रंगानं वेशीवरचा नोड बघतो. अमेरिकेतल्या फायर्स चाचणीत (२०१७) जिथे रंग नीट उतरला तिथे १०० बाधितांपैकी ९७ पकडले गेले.

अंगणवेलच्या आईंचं वेगळं आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या या टप्प्यावर बहुधा शस्त्रक्रिया नाही, किरणं आणि सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. आपल्या टाटा रुग्णालयानंच ६३५ बायकांवर चाचणी करून २०१८ मध्ये दाखवलं की आधी केमो देऊन मग ऑपरेशन करण्यापेक्षा हेच सरस. म्हणजे नोड कापायचा नसून त्याच्यापर्यंत किरणं पोचवायची आहेत. किरणांच्या चौकटीची वरची कड कुठे आखायची? महाधमनीशेजारचा नोड बाधित असेल तर मूत्रपिंडांच्या पातळीपर्यंत. नसेल तर बरीच खाली. मधल्या पट्ट्यात आतडी आहेत. उगाच भाजली तर पुढे जन्मभर पोटाच्या तक्रारी, आणि भाजायची राहिली तर आजार तिथूनच डोकं वर काढणार. दादाला सांगा, दुसरं मशीन या एका रेघेसाठी.

पैशांचं म्हणाल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी जा. जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि काय ट्रस्टकडून मिळतं ते त्यांच्याइतकं डॉक्टरांना ठाऊक नसतं.

---

टेम्सकाठी | दुपारी २:१०

लंडनहून. इथे वीस वर्षांपूर्वी बार्ट्‌स रुग्णालयात याच प्रश्नावर सुंदर प्रयोग झाला होता. लोखंडाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून द्यायचे आणि एमआरआय करायचा. निरोगी नोडमधल्या भक्षक पेशी ते कण गिळतात आणि चित्रात नोड काळा पडतो. कॅन्सरनं जागा बळकावलेली असेल तर गिळणारं कुणी नाही, नोड पांढरा राहतो. म्हणजे मापाचा प्रश्नच मिटला. निकाल साध्या एमआरआयपेक्षा कितीतरी चांगले होते. पण २००७ मध्ये कंपनीनंच युरोपातला परवान्याचा अर्ज मागे घेतला आणि ते औषध बाजारात आलंच नाही. आमच्या विभागातले जुने लोक अजून हळहळतात.

---

मोरपंखी | दुपारी २:३०

अवांतर आहे, पण धाराशिव वाचून आठवलं. तिथेच ना तो एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या, तपासणीचा मोठा अभ्यास झाला? बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी १९९९ पासून गावोगावी जाऊन सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात घेतल्या. एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं पुढच्या आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असं २००९ मध्ये छापून आलं. आमच्या आत्या गेल्या होत्या.

---

अंगणवेल | दुपारी ४:१५

आमच्याही गावात आले होते. आई सांगते, जीप देवळापाशी उभी होती. त्या दिवशी ती खुरपायला गेली होती.

---

रोखठोक | दुपारी ४:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

अंगणवेल | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. आम्ही मुंबईत आहोत, लॉजवर.

आधी बार्शीतच टाच उघडली. आत काट्याचं टोक होतं, साधारण अर्ध्या बोटाच्या पेराएवढं, काळं पडलेलं. सर्जननी बाटलीत घालून दिलं, आईनं जपून ठेवलंय. मग पेट झाला. चहा घेतला नव्हता! साखर १३२. पेटमास्तर, टेबलावर चढायच्या आधी तिला दोनदा बाथरूमला पाठवलं.

डावा ११ मिमीचा नोड झळझळीत उजळला. महाधमनीशेजारचा ९ मिमीचा अजिबात नाही. इथल्या रेडिओलॉजिस्टनं एमआरआय पुन्हा वाचला तर त्यात मधली चरबी शाबूत होती म्हणे. जांघेतला थोडा उजळला, पण सावलीताई, तुमचं ऐकून सुईचा हट्ट धरला. सोनोग्राफीत तोवर १४ चा ९ झाला होता, सुईत फक्त सुजेच्या पेशी. स्टेज ३-सी-१, पुढे छोटा आर. ट्यूमर बोर्डानं (सगळे डॉक्टर एकत्र बसतात ती बैठक) किरणांची वरची कड खालीच ठेवायची ठरवलं. डावा नोड आणि मूळ गाठ यांवर पूर्ण मारा, पंचवीस सिटिंग, मग ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून किरणं. संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा पेट.

आज चार सिटिंग झाली. जेवण नको म्हणते, ताक-भात जातो.

आईला मी सगळा धागा वाचून दाखवला. तिचा एकच प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत टाकते: "एवढी मोठी दोन दोन मशिनं, त्यातल्या एकालाबी काटा दिसला न्हाई व्हय?"

---

फिल्मबघ्या | रात्री १०:०५

आईंना नमस्कार सांगा. एमआरआयची चौकट जांघेखाली संपते. पेट कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत जातो. टाच दोन्हींच्या बाहेर होती.